यादीतली माहनूर

साबेराने भाताखालचा गॅस बारीक केला, ओले हात ओढणीला पुसले आणि फोन कानाला लावला.

"हां जी, माहनूर की मम्मीच बोल रही हूँ." पलीकडचं बोलणं ऐकता ऐकता तिचा चेहरा उजळत गेला. "नहीं भाई, बंगलोर दूर पडता है. इंटर्नशिप हो गया उसका, अब पीजी का देख रहे हैं. मुंबई में सीट मिलेगा तो बोलो."

अमीन दुकानावर जायला निघाला होता. तो दारातच थबकला, बूट हातात घेऊन. बायकोला असं आनंदात पाहून कुठल्याही नवऱ्याला बरं वाटावं. अमीनच्या अंगावर काटा आला. कारण माहनूरला जाऊन सात वर्षं झाली होती. बारावीची परीक्षा संपल्यावर डोंगरातल्या रुस्ताकला सहलीला गेलेली मुलींची गाडी घाटात उलटली आणि तिच्यातून एकटी माहनूर परत आली नाही.

निकाल लागला तेव्हा पोर मातीआड होऊन महिना झाला होता. पण शाळेच्या यादीत तिचं नाव इतरांसारखंच होतं, घसघशीत मार्कांसकट. बोर्डाच्या मशीनला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात पहिला फोन आला, कोचिंग क्लासवाल्याचा. साबेरा ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "पूछके बताती हूँ." मग कॉलेजांचे एजंट आले, मग शिक्षणासाठी कर्ज देणाऱ्या बँका, मग स्टेथोस्कोप विकणारे. प्रत्येकाला तिचं वय बरोबर ठाऊक असे. कबरीत अठराव्या वर्षी थांबलेली मुलगी कुणाकुणाच्या यादीत मात्र दरवर्षी एकेक वर्षाने मोठी होत होती.

अमीनने दोनदा नवं सिमकार्ड आणून दिलं. साबेरा जुन्यातच पैसे भरत राहिली. बरं, वेड लागलंय म्हणावं तर बाकी सगळं ठाकठीक. बाजारहाट, रोजे, नमाज, कशात कसूर नाही; कबरस्तानात मात्र तिने सात वर्षांत एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. आखातातल्या बौशरच्या त्या दोन खोल्यांत फक्त एक माणूस जास्त होतं. परवा तर माहनूर अमीनच्या स्वप्नात आली, चष्मा लावलेली, चांगली पंचवीस वर्षांची बाई. जिवंतपणी तिला चष्मा नव्हता. तो घामाघूम होऊन उठला. आपली खरी पोर आता आपल्यालाच आठवेनाशी होणार, या भीतीने त्याला पुन्हा झोप लागली नाही.

त्या दिवशी तो दुकानाऐवजी माहनूरच्या शाळेत गेला. चंद्रहास नावाचे पुण्याचे गृहस्थ हल्ली तिथलं ऑफिस सांभाळत. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हा हे सर्रास चालायचं, अमीनभाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "क्लासवाले यायचे, पेनं-कॅलेंडरं वाटायचे आणि सगळा निकाल फोन नंबरांसकट घेऊन जायचे. आता पालकांच्या लेखी परवानगीशिवाय एक आकडा बाहेर जात नाही."

"आन् गेलेला?"

"तो क्लासवाल्याने कॉलेजांना दिला असेल, कॉलेजांनी बँकांना. कुणाकुणाच्या मागे लागणार?" बुंदसे गयी वो हौदसे नहीं आती, हे बोलायचं त्यांनी टाळलं. "एक सांगू? पुढचा फोन तुम्ही घ्या. मुलगी हयात नाही म्हणून स्पष्ट सांगा. मग ते नाव काढून टाकतात."

स्पष्ट सांगा. सांगायला काय जातं! अमीनने गाडीत बसून ते वाक्य दोन-तीनदा म्हणून पाहिलं. आपण हे सात वर्षांत कुणालाच मोठ्याने सांगितलेलं नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ज्यांना सांगायचं ते सगळे जनाज्यालाच हजर होते.

संधी शुक्रवारी, जुम्याला आली. तो मशिदीतून परतला तेव्हा साबेरा मुसल्यावर उभी होती आणि तिचा फोन पलंगावर वाजत होता. नमाज मोडून ती येणार नव्हती. त्याने फोन उचलला.

"सलाम आलेकुम! मी मुंबईवरनं कुलसुम बोलतंय. आपल्या कोकणी जमातीत रिश्ते जुळवायचा माझा काम हाय. माहनूरचा घर ना?"

"हो."

"लिस्टमदे नाव बगितला. बारावीला काय मार्क हो पोरीचे! आता लग्नाची झाली आसंल. कुठं ठरवलाव काय?"

वाक्य जिभेवर तयार होतं. साबेरा कपाळ टेकून सजद्यात गेली होती, आणि तिची पाठ दगडासारखी स्तब्ध झालेली त्याला दिसत होती. ती ऐकत होती.

"झालं," अमीन म्हणाला. "निकाह झाला तिचा."

"माशाल्ला! कवा?"

"झाली सात वर्षं."

"येवड्या लवकर? येवडी हुशार पोर, आन् शिकू नाय दिलाव तिला?"

"आमच्या हातात नव्हतं, बाई."

"आसंल, नशीब एकेकीचा. मग नाव काढतंय लिस्टमदनं."

"काढा."

त्याने फोन ठेवला आणि तो तिथेच पलंगाच्या काठावर बसला. साबेराने सलाम फेरून नमाज पुरी केली. दुआला उचललेले हात तिने फार वेळ खाली घेतले नाहीत. मग मुसल्याची घडी घालून ती मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली. सात वर्षांचा राग ती आता काढणार, असं त्याला वाटलं. काढला असता तर त्याने खाली मान घालून ऐकला असता.

"दिलीत तिला," ती म्हणाली.

"दिली."

"मला न इचारता."

साबेरा घडीवरून हात फिरवत राहिली.

"मग आता मला येकदा घेऊन चला," ती म्हणाली. "लेकीच्या घरी मी आजून गेले नाय."