शून्याचा बर्फ

आसारामने ती तार स्वतःच्या हाताने केली होती, हीच तर पंचाईत होती. नगरच्या त्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या पिना भट्टीत तापवून कडक करत. भट्टी किती तापली ते सांगणारी थर्मोकपलची तार जळून तुटली आणि मुंबईहून नवी यायला महिना लागणार होता. एवढा दम कोणाला? आसारामने क्रोमेलची एक नि अल्युमेलची एक अशा दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा घेतल्या, त्यांची टोकं पिळून जोडली आणि भट्टीत सोडली. तिच्या भरवशावर आठ दिवसांत दोन हजार पिना निघाल्या. खासनीस साहेब म्हणाले, "तार तपासून आकडा दे, की तुझ्या कायम होण्याच्या कागदावर सही करतो."

कायम होणं म्हणजे काय, ते साहेबांना कुठून कळणार? आसारामची बायको रंगुबाई तिसगावला. दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात काळवंडून परत यायची. आसाराम कायम झाला की खोली घेऊन तिला नगरला आणणार होता. हे तो तीन वर्षं तिला सांगत आला होता, आणि आता एकाहत्तरचा मे महिना उजाडला होता.

तपासणी तशी सोपी. तारेचं जोडलेलं टोक, म्हणजे हॉट जंक्शन, उकळत्या पाण्यात धरायचं. दुसरं टोक, कोल्ड जंक्शन, थर्मासमध्ये बारीक कुटलेल्या बर्फात. तो बर्फ म्हणजे शून्य, सगळी मोजणी तिथून. दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने इवलीशी वीज तयार होते, ती मीटर मिलिव्होल्टमध्ये दाखवतो. काटा चारवर आला की तार चोख.

झाडलोट करणारी साळूबाई सकाळीच डबाभर बर्फ घेऊन आली, तोही आयता कुटलेला. आसारामने खुशीत जुळणी केली. काटा सरसर चढला आणि साडेचारवर थांबला.

त्याने पाणी बदललं, पेच आवळले, मीटरला टिचकी मारली. साडेचारच. म्हणजे तार वाढवून सांगत होती. भट्टीवरचा मीटर साडेआठशे अंश दाखवत होता तेव्हा भट्टी जवळजवळ शंभर अंशांनी कमी तापलेली होती. दोन हजार पिना कच्च्या! कडकपणा पाहायचं यंत्र पुण्याला दुरुस्तीला गेलं होतं, नाहीतर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

वहीत चार लिहून टाकले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. आसारामच्या मनात ते आलंही, उगाच नाही कशाला म्हणा. पण भर नांगरटीत पीन तुटलेला ट्रॅक्टर त्याने एकदा पाहिला होता, आणि त्याखालचा माणूसही. तो उठून साहेबांकडे गेला.

"साहेब, तार चुकीची निघाली. पिना पाठवू नका."

"सगळ्या?"

"व्हय, सगळ्या."

साहेबांनी ट्रकवर चढवलेली खोकी उतरवायला लावली. कायमचा कागद ड्रॉवरमध्ये गेला.

आसाराम येऊन स्टुलावर बसला. रंगुबाईला आता कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. वर पत्रा तापला होता. साळूबाईने डब्यात उरलेल्या बर्फाची चिमूट तोंडात टाकली आणि थूथू केलं.

"मेल्यानं मीठ घातलंय की ह्यात."

आसारामने मान वर केली. "मावशी, ह्यो बर्फ आनला कुठून?"

"लाईट गेल्ती, बर्फाचा कारखाना बंद हुता. म्हून स्टँडावरच्या छगनच्या कुल्फीच्या पिपातला आनला. तू बारीक पायजे म्हनला, त्यो आयताच बारीक हुता."

कुल्फी घट्ट व्हावी म्हणून बर्फात मीठ घालतात, आणि त्या मिठाने बर्फ शून्याच्याही दहा-बारा अंश खाली उतरतो. मोजणीची सुरुवातच खाली सरकल्यावर आकडा फुगणार नाही तर काय होईल? आसाराम सायकलवर बसला. एव्हाना वीज आली होती. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी आणून त्याने स्वतः कुटली, आणि थर्मासमध्ये भरण्याआधी चाखून पाहिली.

काटा चारवर आला आणि तिथेच राहिला. आसाराम फरशीवरच बसला आणि एकटाच हसत राहिला. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

साहेब आले. त्यांनी काटा पाहिला, थर्मासमधला बर्फ चिमूटभर जिभेवर ठेवला आणि मगच कागद मागवला.

"सकाळी गुपचूप चार लिहिले असतेस, तरी ते खरेच निघाले असते," सही करता करता ते म्हणाले.

"व्हय साहेब. पन मला ते खोटंच वाटत राह्यलं असतं."

संध्याकाळी त्याने साळूबाईला छगनकडची कुल्फी खाऊ घातली आणि तिथेच गाड्याच्या कडेला टेकून पोस्टकार्ड लिहिलं. रंगुबाईला वाचता येत नव्हतं, मास्तर वाचून दाखवायचे, म्हणून त्याने फार काही लिहिलं नाही. यंदा कोयत्याला धार लावू नको, एवढंच.