होळीतला ओंडका

"ओंडका कोठे शे?"

कौतिकने खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट नुसतंच पडलं होतं. त्याची बायको ताईबाई पिठाचा डबा घेऊन दारातच थांबली.

"मी दळणले गयी व्हती," ती म्हणाली. "शेजारीन सांगस, अभिमन उन्हा व्हता, भितवरथीन उडी टाकीसन. संगे चार जण. टोपलीभर तुकडा मी सकायलेच देयेल व्हतात त्यासले. तरीबी..."

होळीसाठी लाकूड चोरायचं, ही गावाची रीत. ज्याचं गेलं त्याने दोन शिव्या हासडायच्या आणि गप्प बसायचं. होळीत पडलेलं लाकूड परत मागत नाहीत. कौतिक दरवर्षी लाकूड कातायच्या खरादीवरचे उरलेले तुकडे स्वतः काढून द्यायचा आणि पोरं येऊन गेली की फाटकाशी राखण करत बसायचा. यंदा त्याला धुळ्याला जावं लागलं.

धुळ्याच्या एका वाद्यवाल्याने त्याच्याकडून ढोलकीची खोडं मागितली होती. चांगली उतरली तर पुढचं सगळं काम तुलाच, असं म्हणाला होता. लाटण्या-पोळपाटांना आता गिऱ्हाईक नव्हतं. बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा तर कोणी विचारतही नव्हतं. खरादीवर पोट भरायचं, तर एवढीच वाट उरली होती. आणि ढोलकीला लागतं जाड, न तडकलेलं शिसम. तसलं लाकूड या भागात वीटभट्टीतच जातं. धनसिंग नानांच्या विहिरीवरचं झाड पडलं, तेव्हा तेही भट्टीलाच निघालं होतं. कौतिकने बदल्यात गाडीभर बाभूळ त्यांच्या खळ्यात नेऊन टाकली आणि बुंध्याचा ओंडका घरी आणला. दोन वर्षं सावलीत वाळवला. टोकं तडकू नयेत म्हणून शेण-मातीने लिंपली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची कूस बदलावी, तसा तो ओंडका वळवत राहिला.

तो तसाच चावडीकडे निघाला.

होळी रचून झाली होती. मधोमध एरंडाचा दांडा, भोवती गोवऱ्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. खाली, दांड्याला टेकून, शेणाने लिंपलेलं टोक दिसत होतं. हळद-कुंकू पडलं होतं. नारळाच्या पाण्याने माती अजून ओली होती.

"नाना, मन्हं लाकूड काढी द्या," कौतिक म्हणाला.

धनसिंग नाना हातात टेंभा घेऊन उभे होते. होळी पेटवायचा मान त्यांच्या घराकडे होता. "पूजा व्हई गयी, कौतिक. नारय फुटनं. आते ते होयीमायनं शे."

"मी तुम्हले बदलामा गाडीभर बाभूय दिन्ही व्हती."

"मंग काय व्हयनं? बाभूयबी जयस, शिसमबी जयस. राखमा काय फरक शे?"

"ढोलकी करनी शे त्यानी. धुयाना शेठले सांगी उनू मी."

"ढोलकी का, आबा?" नानांचा मुलगा अभिमन पुढे आला. "मंग लाकूड कसाले पाहिजे? तुम्हनी पाठ शे ना. तिनावरच वाजाडसूत."

माणसं हसली. कौतिक हसण्याकडे न बघता वाकला, ओंडक्याला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि ओढला. गोवऱ्या ढासळल्या. दांडा कलला आणि आडवा पडला. बायका ओरडल्या. पूजलेली होळी मोडली होती.

अभिमनने त्याला कॉलर धरून उभा केला आणि तोंडावर बुक्की मारली. दुसरी मारली. कौतिकच्या नाकातून रक्त आलं. त्याचा हात पिशवीत गेला. पिशवीत नवी पटाशी होती, ढोलकी आतून पोखरायची, गोल पात्याची. कागद पुरता सुटलाही नव्हता. पातं अभिमनच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फिरलं. क्षणभर नुसती पांढरी रेघ दिसली. मग ती भरून आली आणि रक्त गोवऱ्यांवर पडलं.

"मारा त्याले!" कोणीतरी ओरडलं.

नानांनी टेंभा होळीत फेकला. पऱ्हाट्या एकदम भडकल्या. मागून काठी बसली, कौतिकच्या हातातून पटाशी सुटली. तो पळाला असता तर कदाचित सुटला असता. तो जाळात वाकला. सदऱ्याची बाही पेटली. त्याने ओंडका अर्धा बाहेर ओढला होता, तेव्हा अभिमनने उजव्या हाताने लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली, उलटी धरली, आणि पात्यामागचा बोथट तुंबा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर घातला. आवाज सगळ्यांनी ऐकला. अभिमनने पुन्हा घातला.

मग ज्याला जसं जमलं तसं त्याने मारलं. लाथा बरगड्यांत बसल्या. सकाळी ज्यांनी कौतिकला बसमध्ये जागा दिली होती, तेही त्यात होते. कोणीतरी ओंडका पायाने ढकलून परत जाळात घातला. होळीला पाय लागला, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ताईबाई गर्दीतून घुसली आणि नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. दोन लाथा तिलाही बसल्या. तेव्हा मार थांबला.

अभिमनला जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. तोवर ताईबाईने कौतिकला घरी आणलं होतं; जीप त्यांच्या दारावरूनच गेली. थांबली नाही. ताईबाईने खरादीजवळच्या दोन लाकडी पट्ट्या घेतल्या, लुगड्याची चिंधी फाडली आणि त्याचा हात बांधला.

सकाळी ती हंडा घेऊन चावडीकडे गेली. होळीच्या विस्तवावर तापवलेल्या पाण्याने त्या दिवशी घरोघर अंघोळ करतात. पऱ्हाट्या, बाभूळ, गोवऱ्या, सगळ्याची राख झाली होती. मधे एकच ओंडका अजून लाल होता. त्याच्याभोवती हंडे दाटीने बसले होते.

अभिमनची आई कुंदाबाई उठली. तिने आपला हंडा मागे घेतला.

"आठे ठेव. आठे ताव चांगला शे."

ताईबाईने हंडा ठेवला. दोघी विस्तवाकडे बघत बसल्या.

"हात कसा शे त्यान्हा?" ताईबाईने विचारलं.

"टाका पडनात. बोटे हालतंस." कुंदाबाईने विस्तव ताईबाईच्या हंड्याकडे सारला. "कौतिकभाऊना?"

"नही हालत."

पाणी तापलं, तशी ताईबाई हंडा उचलून घरी आली. कौतिक ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. दवाखान्यात न्यायचं, तर धुळ्याची पहिली बस यायला अजून वेळ होता. चिंधी रक्ताने हाताला चिकटली होती, ती भिजवल्याशिवाय सुटणार नव्हती. तिने घमेल्यात पाणी ओतलं.

"होयीवरनं शे?"

"हां."

"इस्तो व्हता आजून?"

"व्हता. एकच लाकूड व्हतं. बठ्ठा गावनं पाणी त्यानावरच तापनं."

कौतिकने मान हलवली.

"टिकीच ते," तो म्हणाला. "दोन वरीस सुकाडेल व्हतं मी."

मग त्याने डावा हात बुडवून पाण्याचा अंदाज घेतला, आणि उजवा हळूच आत सोडला.