एकच पान रंगवलेलं

मी एक जुना चित्राचा कागद आहे. जुना म्हणजे पार शिडाच्या जहाजांच्या काळातला. मित्रांनो, जवळ येण्याआधी हात दाखवा बरं. काही लागलंय का बोटांना? राग मानू नका, माझा कुणावरच भरवसा नाही.

परक्या मुलखातली झाडंझुडपं शोधत फिरणाऱ्या एका जहाजावर माझा जन्म झाला. जहाज किनाऱ्याला लागलं की माणसं टोपल्या भरभरून फुलं आणायची. चित्रकार एकटा, फुलं शंभर, आणि संध्याकाळपर्यंत सगळी माना टाकणार! मग तो पठ्ठ्या आख्खी वेल पेन्सिलीने काढायचा, आणि एक फूल, एक पान तेवढं रंगवायचा. बाकीचं घरी गेल्यावर, त्यावर बघून. पण तो घरी पोचलाच नाही. वाटेतच तापाने गेला.

पुढे मी हातोहात फिरलो. शेवटी एका शहाण्याने मला आरशाच्या पाठीला ठोकलं. लोक पुढून भांग पाडायचे, मी मागे लाकडाचं तोंड बघत बसायचो. कितीतरी वर्षं!

राहात्याच्या अजीजभाईंचं फ्रेमचं दुकान आहे. त्यांनी जुन्या बाजारातून तो आरसा आणला, उघडला आणि मी बाहेर आलो. तेवढ्यात शिर्डीचे हॉटेलवाले आबासाहेब टपकले.

"झकास हाय! पण ह्ये अर्धवट कसं? गंडवता काय आमाला?"

"रंगवून देतो की. उद्या या."

"पानं हिरवीगार करा. काउंटरमागं लावायचंय."

झालं! अजीजभाईंनी डबा उघडला. दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट, मित्रांनो! ब्रश माझ्याकडे निघाला आणि माझी पाचावर धारण बसली.

"थांबा!" कोपऱ्यात भरतकाम करणारी त्यांची बायको सरवरी ओरडली. "एक पान इतकं जीव लावून रंगवणारा बाकीची विसरंल व्हय? मला संशय येतोय."

"तुला तर माझाबी येतो."

"तुमचा तर यायलाच पायजे."

तिने मांडीवरची ओढणी पसरली. कापडभर पेन्सिलीची वेलबुट्टी, आणि एकच बुट्टी रेशमाने भरलेली.

"ह्ये काय अर्धवट हाय? ह्या एकीवर बघून मी बाकीच्या भरणार. त्यानंबी तसंच ठेवलंय. त्यानं झाड डोळ्यानं बघितलं हुतं. तुमी कुठं बघितलंय? तुमच्याकडं एकच हिरवा, तो दाराचा! माझी ओढणी रस्त्यावरच्या कुणी येऊन भरली, तर चालंल तुमाला?"

अजीजभाईंनी हात मागे घेतला. ब्रशवरून एक थेंब ओघळला आणि टपकन फरशीवर पडला. माझ्यापासून चार बोटं लांब!

दुसऱ्या दिवशी आबासाहेब नाक मुरडत गुलाबांचं पोस्टर घेऊन गेले. मला काच बसली आणि मी सरवरीच्या डोक्यावर भिंतीला लागलो. उघडलेला रंग अजीजभाईंनी दुकानाच्या दाराला फासला. बघून जा, लई भारी दिसतं.

मित्रांनो, एखाद्याचं काम अर्धवट दिसलं, तर लगेच हात घालू नका. तो का थांबला, ते आधी बघा.

आणि जाताना एवढं काम करा. टेबलाखाली तो डबा अजून आहे. तळाला थोडा रंग उरलाय. झाकण घट्ट लावून जा.