हळदीचं पाणी

"हळद कुठली?" नवशीने विचारलं.

"जव्हारच्या बाजारातली," नवरीची आई रंजना म्हणाली.

"तांदूळ?"

"साखरशेतचे. माझ्या भावाच्या शेतातले."

"आन् पाणी?"

रंजनाने मांडवाच्या दाराकडे पाहिलं. "पाणी म्हणजे पाणीच की, मावशी. मागे टँकर उभा आहे, लागेल तेवढं घ्या. फोटोवाला खोळंबलाय, सुरू करा बघू."

टँकर नवशीने येतानाच पाहिला होता. फार्महाऊसच्या मागच्या भिंतीपाशी उभा होता. एरवी लांबूनच 'मावशे' म्हणून हाक मारणारा त्याचा ड्रायव्हर पंकज आज तिला बघून चाकाखाली काहीतरी शोधू लागला. हा टँकर सकाळी वर, सूर्यमाळच्या उतारावरच्या कुंभीच्या पाड्यावर यायचा होता. पाड्याच्या कोरड्या विहिरीत तो पाणी ओततो आणि बायका पोहरे टाकतात, उन्हाळाभर हेच चालतं. आज विहिरीच्या काठावर हंडे नुसते तापत राहिले. नवशी आंघोळ न करताच लग्नाला आली होती, आणि धवलेरीने असं यावं याची तिला फार लाज वाटत होती.

आमच्याकडच्या डोंगरात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. भटजीला मंत्र पाठ असले की भागतं, धवलेरीला घर पाठ असावं लागतं. हळदीच्या वेळी ती गाण्यातून एकेक वस्तू कुठून आली ते विचारते आणि तीच सांगते, मागच्या बायका तिची ओळ पुन्हा म्हणतात. सगळ्या मांडवाने ते ऐकलं की मग पाणी नवरीच्या अंगावर. नवशीला हे रामी म्हातारीने शिकवलं. रामी म्हणायची, "सूर चुकला तं चालल पोरी, पण गाण्यात खोटं बोललीस तं लगीन लागलं नाय." हल्लीच्या पोरी पाण्याच्या ओळीला सरसकट 'गंगेचं पाणी' म्हणून मोकळ्या होतात. गंगा काही तक्रार करायला मोखाड्याला येत नाही.

नवरीच्या बापाचं लग्नही नवशीनेच लावलं होतं. तेव्हा तो देवानंदभाऊ नव्हता, माघीचा देवा होता. माघी म्हणजे त्याची आई, नवशीची जिवाची मैत्रीण. त्या लग्नाला घराघरातून ओंजळ ओंजळ तांदूळ आले होते, आणि पाण्यासाठी पाड्यातल्या सगळ्या बायका पहाटे झऱ्यावर उतरल्या होत्या. पाण्याची ओळ आली तेव्हा नवशीने गाण्यात एकेकीचं नाव घेतलं. कोणाचा हंडा, कोणाची कळशी. गाणं संपेचना, हळद सुकायला लागली, आणि माघी हसून हसून बेजार झाली. तसं लग्न पुन्हा झालं नाही. काय होतं तेव्हा पाड्यात? काहीच नव्हतं, पण जे होतं ते कुणाचं हे सांगता येत होतं.

देवा चपला झिजू नयेत म्हणून हातात घेऊन सभांना चालत जायचा. पाण्यावर बोलायला लागला की त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. पाड्याने त्याला निवडून दिलं. मग नळयोजना मंजूर झाली, नारळ फुटला, टाकी उभी राहिली. ठेकेदाराने त्याच वर्षी, त्याच सिमेंटात भाऊंचं फार्महाऊसही उभं केलं. टाकीला पाणी कधी आलं नाही. पुढल्या निवडणुकीआधी टाकीला रंग लागला आणि नारळ पुन्हा फुटला. पुढे झरा आटला. माघी तेवढ्यात गेली, तिला पुढचं बघावं लागलं नाही.

"आये," खुर्च्यांच्या मागून नवशीचा मुलगा रूपेश जवळ आला. भाऊंच्या संस्थेच्या आश्रमशाळेत तो कंत्राटी वॉचमन होता. "आये, भाऊचं नाव चांगलं घे गाण्यात. या महिन्यात परमनंट करतो बोलला हाय. उगा काय काढू नको."

"मी काय काढते? जे हाय ते गाते."

"तेच बोलतोय मी."

नवशीने सुरुवात केली. हळदीची ओळ झाली, तांदळाची झाली. मागे पाड्यावरच्याच बायका होत्या, त्या छान साथ करत होत्या. मुंबई-ठाण्याचे पाहुणे मोबाइल उंच धरून उभे होते. पाटावर प्रगती बसली होती, हळदीने माखलेली. भुवया थेट माघीच्या. नवशी तिच्याकडे बघत राहिली. गंगा म्हटलं की रूपेशची नोकरी वाचते. पण मग ही पोर कच्च्या लग्नाने सासरी जाणार, आणि ते कच्चं ठेवणारी मी. माघीला वर गेल्यावर काय सांगू?

पाणी कुठलं गे, पाणी कुठलं?
बायकांनी ओळ उचलली आणि त्या थांबल्या.
पाणी कुंभीच्या पाड्याचं गे,
पाडा तहानेला ठेवून आणलं गे.

मागे सगळं गप्प झालं. नवशीने वळून पाहिलं नाही. साथीच्या बायकांनी ओळ उचलली नाही तर गाणं तिथेच मेलं, हे तिला ठाऊक होतं. मग नीताचा बारीक आवाज आला. गेल्याच वर्षी लग्न होऊन पाड्यात आलेली ही मुलगी, सकाळी सगळ्यांत आधी हंडा मांडून बसलेली तीच. तिच्यामागून दुसरी, मग सगळ्या. पाडा तहानेला ठेवून आणलं गे. पाहुण्यांना बोली कळली नाही, चाल आवडली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

देवानंदला कळली. ती त्याच्या आईची बोली होती. मांडवाच्या दारात ठेकेदाराशी बोलता बोलता तो थांबला आणि सरळ आत आला.

"मावशी, दुसरी ओळ घे," तो हळू म्हणाला.

"कंची घेऊ?"

"गंगेची घे. सगळे घेतात."

"तुझ्या लग्नात कंची घेतली व्हती, आठवतं?"

त्याने मोबाइल धरलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं.

"गायलेलं फिरवता येत नाय, देवा. आथा पोरीच्या अंगावर घालू का नको, तेवढं बोल."

देवानंदने मुलीकडे पाहिलं. प्रगतीही त्याच्याकडेच बघत होती. त्याने होकाराची मान हलवली. नवशीने कळशी घेतली आणि बेताबेताने, थेंब वाया न घालवता, पाणी घातलं.

हळद उतरली की धवलेरीचा मान असतो. लुगडं, सुपात तांदूळ, आणि मांडवातली एक वस्तू ती मागेल ती. ही मागितलेली वस्तू नाकारायची नसते. रंजनाने मुकाट्याने भारी लुगडं पुढे केलं. नवशीने ते नीताच्या हातात ठेवलं.

"मान काय मागता?" रंजनाने विचारलं.

"हंडाभर पाणी. त्या टँकरचं."

"मावशी, उद्या दोन टँकर पाठवतो," देवानंद म्हणाला.

"पाठव की."

उद्या हा शब्द पाड्याने त्याच्याकडून पुष्कळ ऐकला होता. पंकजने मान खाली घालून हंडा भरून आणला आणि मांडवाच्या दारात ठेवला. भरलेला हंडा कुणाला एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. नवशी चुंबळ ठेवून वाकली आणि थांबली. बायका देवानंदकडे बघत जागच्या हलेनात. नीताच्या सासूने तिचा हात घट्ट धरला होता. रूपेश फाटकाशी पाठ करून उभा होता.

शेवटी देवानंदच पुढे झाला. त्याने हंडा काठाला धरून उचलला. तो तिरका झाला, पाणी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं, काठ नवशीच्या कपाळाला लागला.

"काठाला नको रं. बुडाला धर," ती म्हणाली.

त्याने बुडाला धरलं.

"बसला का, मावशी?"

"बसला."

तिला राग यायला हवा होता, पण वाईटच वाटत होतं, माघीच्या लेकाला हंडा उचलून देता येईना याचं. ती फाटकातून निघाली. ती जवळून जाताना रूपेशने नुसतं "आये" म्हटलं, आणि थोड्या वेळाने तो मागे चालू लागला. चढावर तिचे डोळे सारखे भरून येत होते. दोन्ही हात हंड्याला होते, म्हणून ते पुसायचे राहून गेले.