राहूने ओढलेली रेघ

लग्न तोंडावर आलं आणि हयग्रीवाच्या पायाला गांधीलमाशी डसली. भोपळ्यासारखा पाय घेऊन तो लंगडत भावी सासुरवाडीत आला, तशा सासूबाई धनलक्ष्मी दारातच थबकल्या. कुंभकोणातला सुजलेला पाय! या गावात पाय सुजला की हत्तीपायच, अशी जुनी ख्याती.

"हत्तीपाय नसला तरच लेक देईन."

"गांधील डसली हो, मामी!"

"अस्के असंच सांगतात, सगळेच्या सगळे."

पूर्वी हत्तीपायाच्या तपासणीला रक्त रात्रीच घेत. जंतू दिवसा सापडत नसत. पण हत्तीपायाची नवी तपासणी पारखणारी डॉक्टर वसंता शुक्रवारी सकाळीच चिमुकलं कार्ड घेऊन आली. बोटाचा एक थेंब. एक रेघ उठली तर रक्त निर्मळ, दोन उठल्या तर जंतू.

"दहा मिनिटांनी लगेच बघायचं," ती म्हणाली.

थेंब पडला आणि घड्याळात साडेदहा झाले.

"अय्यो, राहुकाळ!" धनलक्ष्मींनी कार्डावर पितळी तपेली पालथी घातली. "राहूचं देऊळ इथं तिरुनागेश्वरात, हाकेच्या अंतरावर. त्याच्या अशुभ वेळेला निकाल पाहू?"

"मामी, उशीर झाला की कार्ड खोटं बोलतं!"

"कार्ड कालचं पोर. राहू कधीचा!" तपेलीशी ठाण मांडून त्या गुणगुणू लागल्या:

राहूराया, पुढल्या घरी जा,
दूध पी तिथं, आमचा पाय नको खा.

बाराला राहुकाळ सरला, तशी त्यांनी तपेली उचलली. दोन रेघा! हयग्रीव मटकन खाली बसला.

"दुसरी रेघ उशिरामुळे उठली," वसंता कळवळून म्हणाली. "ती धरायचीच नाही."

"म्हणजे राहूनंच ओढली की! मी दुसरं काय म्हणते?"

वसंताकडे आता एकच कार्ड उरलं होतं. पुन्हा बोट, पुन्हा थेंब. इतक्यात भिंतीवर पाल चुकचुकली. धनलक्ष्मींचा हात तपेलीकडे सरकला.

तशी स्वयंपाकघरातून नवरी मुलगी अलमेलु आली आणि तपेली हिसकावून कार्डासमोर बसली.

"आई, संसार मी करणार, तर रेघाही मीच मोजणार. पालीला जे सांगायचंय ते ती तुला सांगू दे."

दहा मिनिटं ती पापणी न लववता बघत राहिली. मग एकदम हसली.

"एकच!"

हयग्रीव आनंदानं उठला, कळवळला, परत बसला.

धनलक्ष्मींचा चेहरा मात्र पडला. "एकटीच रेघ? लग्नघरात जोडीनं असावं गं सगळं!"

"जोडी आम्ही होऊ. तू आधी ह्यांच्या पायाला चुना लाव."