धुरपताबाईनं पुसलेली भिंत

कोळशानं चित्र काढायचं, आणि तेही वणीकडच्या कोळसाखाणींजवळच्या खेड्यात! जिथं बायकांचा अर्धा जन्म कोळशाची धूळ पुसण्यात जातो, तिथं ही उर्वशी मुद्दाम कोळसा हातात घेऊन भिंत काळी करत होती. नागपूरला चित्रकला शिकून आलेली पोरगी. लोक म्हणत, शिकली तशी बिघडली.

पण तिचं डोकं चांगलं ठिकाणावर होतं. खाणीसाठी जुनं गाव उठलं, नव्या जागी वसलं, आणि तिथल्या विहिरीही खाणीपायी आटल्या. तेव्हापासून उन्हाळाभर टँकर. तो आधी वरच्या गल्लीत थांबायचा. तिथल्या टाक्या भरायच्या, ड्रम भरायचे, कुलरसुद्धा भरायचे, आणि बौद्धांच्या खालच्या गल्लीत टँकर यायचा तो खडखडत, रिकामा. अर्ज झाले, भांडणं झाली. सरपंच नानाजी दरवेळी गोड हसून "पाहू" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण पाहायचा मात्र कधीच नाही. तेव्हा उर्वशीनं ठरवलं की आता ह्यांना दाखवायचंच. जयंतीच्या संध्याकाळी नानाजींसकट सगळं गाव खालच्या चौकात जमतं. तिथं पाच मिनिटांचा सिनेमा लावायचा आणि टँकर खाली आणायचा.

चौकाकडची पांढरी भिंत धुरपताबाईच्या घराची. धुरपताबाई म्हणजे उर्वशीची मोठीमाय, थोरल्या काकाची बायको. ती लेकीच्या बाळंतपणाला आर्णीला गेली होती, म्हणून भिंत मोकळी. उर्वशीनं त्या भिंतीवर गुंडा, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांची रांग काढली. समोर तिपाईवर मोबाईल ठेवला, तो थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो काढायचा. एखादीचा हात फडक्यानं पुसायचा, जरा वर काढायचा, की पुढचा फोटो. हे फोटो भराभर फिरवले की बायका हलायच्या, बसायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. रांगेत सगळ्यात शेवटी तिनं मोठीमायलाच उभं केलं होतं. फक्त शेवट काही सुचत नव्हता. टँकर आला असं दाखवावं तर धडधडीत खोटं, नाही आला दाखवावं तर त्यात नवल ते काय!

जयंतीच्या आदल्या दिवशी ती मोबाईल चालूच ठेवून चहा प्यायला घरी गेली, आणि नेमकी तेव्हाच धुरपताबाई आर्णीहून परतली. जयंतीला घर लख्ख नसलं तर त्या बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. सगळी गल्ली चुन्यानं उजळलेली आणि आपलीच भिंत काळीकुट्ट! तिनं पदर खोचला, जपून ठेवलेलं अर्धी बादली पाणी काढलं आणि भिंत घासून घासून पांढरी केली.

उर्वशी परत आली ती मटकन खालीच बसली. मोठीमायचा असा राग आला तिला, की रडूच फुटलं. धुरपताबाई बिचारी ओलं फडकं हातात धरून उभी. धूळ बसली असंल असं वाटलं वं मले, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी मोबाईल आवरायला म्हणून उर्वशी उठली, तर तो अजून फोटो काढतच होता. तिनं ते फोटो फिरवून पाहिले. एकदा पाहिले, मग डोळे पुसून पुन्हा पाहिले.

जयंतीच्या संध्याकाळी त्याच भिंतीवर सिनेमा लागला. बायका रांगेत स्वतःला ओळखून हसल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग भिंतीवर एक खराखुरा हात आला, हिरव्या बांगड्यांचा. त्यानं रांगेतली पहिली बाई पुसली, मग दुसरी. एकेक करत सगळी रांग पुसत तो शेवटच्या बाईपाशी आला आणि तिलाही पुसून गेला. भिंत कोरी झाली.

धुरपताबाई उठून उभी राहिली. उर्वशीला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माफी मागते की काय. पण ती वळली नानाजींकडं.

"म्या त नकळत पुसून टाकलं, नानाजी," ती म्हणाली. "तुमी त आमाले रोज पाहूनशान पुसून टाकता."

नानाजींचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यांनी कोऱ्या भिंतीकडं एकदा पाहिलं. मग उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की उद्यापासून टँकर आधी खाली. वरच्या गल्लीतले दोघं-तिघं कुरकुरले. नानाजींनी त्यांना हातानंच गप्प केलं.

आणि खरंच, सकाळी टँकरवाला लखन आधी खालच्या चौकात थांबला. सवयीनं शेवटी उभ्या राहिलेल्या धुरपताबाईला बायकांनी ओढून पुढं केलं. तिच्या गुंडा भरल्या, बादल्या भरल्या, रांजणही भरला. ऊन अजून भिंतीवर चढलंही नव्हतं. धुरपताबाई उंबऱ्यावर बसली, पुन्हा उठली, उर्वशीकडं पाहून हसली. पाणी तर भरून झालं होतं, आणि एवढ्या मोठ्या सकाळचं आता करायचं काय, तेच तिला कळेना.