कांडी संपली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना, कामातून गेलेला धोटा आहे. लूमवर कापड विणताना आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जो धावतो, तो मी. माझ्या पोटात धाग्याची कांडी बसते. ती रिकामी झाली की लूम थांबतो आणि कारागीर ओरडतो, "कांडी संपली!" भिवंडीत हे शब्द जिभेवर इतके बसलेत, की आमच्या घरात डब्यातली साखर संपली तरी कांडीच संपते.

माझे लाकूड कठीण, टोके लोखंडाची. पोटात केसाळ पट्टी चिकटवलेली होती, धागा भसाभस सुटू नये म्हणून. कांड्या भरणारी कलावती मला पुसून ठेवायची. म्हणायची, "ह्यो माझा शहाणा धोटा." पण पुढे ते केस झिजले. धागा जोरात सुटून गुंता होई आणि लूम अडे. नवा कारागीर कांडीच खराब समजून भरलेली कांडी काढून टाकायचा. शेवटी मलाच भंगारात फेकले. कलावतीने मला घरी आणले आणि खिडकी आपटू नये म्हणून तिच्या फटीत खोचले. तिथून मला सगळे घर दिसते.

गेले आठ दिवस मला ते बघवत नव्हते. कलावतीची नात उन्नती दोन महिन्यांची. तिची आई धम्मदिना तिला पाजायला घेई. पोर चार घोट पिई, मग ठसका लागे, मग अंग ताठ करून अशी किंचाळे की शेजारच्या लूमचा आवाजही कमी वाटावा.

"कांडी संपली हाय तुझी, धम्मा," कलावती म्हणे. "दूधच न्हाय, तर पोर काय करंल?"

"आई, लंगोट तर दिवसाला सात-आठ ओले होतात. दूधच नाही, तर ते ओले कशानं होतात?"

प्रश्न सरळ होता, पण ऐकतो कोण? धम्मदिनाचा नवरा मिलिंद दापोड्याच्या गोदामातली ड्युटी करून आला तो दुधाच्या पावडरचा डबा घेऊनच. "आई सांगते ते ऐक ना," एवढेच बोलला. धम्मदिना भिंतीकडे तोंड करून बसली. "माझ्यातच काहीतरी कमी असेल," ती पोरीला सांगत होती. मला फार वाईट वाटले, मित्रांनो. मला सगळे ठाऊक होते, पण लाकडाला तोंड कुठले!

काल दुपारी तसेच रडे सुरू झाले. कलावतीने बाटली धुऊन ठेवली. लूमच्या आवाजाने पोर बिथरत असेल म्हणून खिडकी लावायला मला उपसले, आणि तिचा अंगठा माझ्या पोटातल्या झिजलेल्या पट्टीवर गेला. तेवढ्यात उन्नतीला ठसका लागला, तिने तोंड सोडले, आणि दुधाची धार थेट कलावतीच्या मनगटावर उडाली.

ती कधी मनगटाकडे बघे, कधी माझ्याकडे.

"अगं, कांडी भरलेली हाय," ती हळूच म्हणाली. "धागाच जोरात सुटतोय! पोरीला झेपत न्हाय."

तिने सुनेच्या पाठीमागे उशा लावल्या. "मागं रेल. पहिली धार फडक्यात जाऊ दे, मग घे तिला. ठसका लागला की घाई करू नको, जरा उभी धर."

उन्नती एकदा खोकली, कुरकुरली, सुटली. पुन्हा लागली. मग मात्र घुटक्यांचा आवाज येत राहिला.

धम्मदिना हसली नाही. "आई, दूध आहे, हेच मी आठ दिवस सांगत होते," ती म्हणाली. कलावतीने मान खाली घातली आणि बाटली फळीवर मागे सारली.

आज सकाळी पोर पुन्हा रडली. एका दिवसात सगळे सुरळीत होत नसते. पण आज कोणी कांडीचे नाव काढले नाही.

मित्रांनो, काम अडले तर आधी धागा बघा, जो काम करतोय त्याला विचारा. लगेच त्याला बाद ठरवू नका. मी लाकडाचा, भंगारात पडलो तरी रडलो नाही. धम्मदिना मात्र आठ दिवस रडत होती, आणि तरीही रोज पोरीला छातीशी घेत होती.